आतला कान सरकारी

पाटणकरांनी आधी माझी पिन हिसकावली आणि मग नमस्कार केला. आमची ओळख झाली ती अशी.

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही राहायला आलो, त्या दिवशीची गोष्ट. जून महिना, ट्रकमधून सामान उतरत होतं, हमाल आणि आमचे हे एकमेकांवर ओरडत होते आणि माझ्या उजव्या कानात अशी काही खाज सुटली होती की विचारू नका. मी जिन्याच्या पायरीवर टेकले, अंबाड्यातली पिन काढली, कानात घातली आणि डोळे मिटले. अख्ख्या दिवसात तेवढंच सुख मिळालं होतं. पुसायला म्हणून पिन बाहेर काढली, तर ती माझ्या बोटांतून नाहीशी झाली. समोर पांढऱ्या बुशशर्टातला, किडकिडीत, चष्मा लावलेला गृहस्थ उभा.

"बाहेरचा कान तुमचा," ते म्हणाले. "आतला कान सरकारी. तिथे विनापरवाना प्रवेश नाही. नमस्कार, मी पाटणकर, वरच्या मजल्यावर."

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. मी शाळेत गणित शिकवते आणि सातवी-आठवीच्या पोरांना वर्षानुवर्षं गणित शिकवून कोणाचाच स्वभाव सुधारत नाही. मी म्हटलं, "माझी पिन द्या."

"उद्या मिळेल."

खरोखरच दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून एक तपकिरी सरकारी पाकीट आत आलं. आत माझी पिन, साबणाने धुतलेली, आणि एक चिठ्ठी: 'केसांसाठी.' आमचे हे पोट धरून हसले. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही.

पुढे ओळख वाढल्यावर पाटणकरांनी मला खुलासा केला, की वस्तू कानात असताना ते कधीच ओढत नाहीत. "पडद्याला इजा होते, वहिनी. आपण बाहेर काढेपर्यंत थांबायचं. मग झडप." म्हणजे मी डोळे मिटून बसले होते तेवढा वेळ हे गृहस्थ दोन फुटांवर दबा धरून उभे होते! मला ते ऐकून पुन्हा नव्याने राग आला.

पाटणकर कुठल्याशा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. बायको जाऊन चार वर्षं झालेली, एकुलती मुलगी मेधा नोकरीला लागलेली. तरुणपणी त्यांच्या सेक्शनमधून कानाच्या काळजीवर एक माहितीपत्रक निघायचं होतं. त्याचा मसुदा पाटणकरांनी केला. फाईल वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली आणि तिकडेच राहिली. माहितीपत्रक छापलं गेलं नाही, पण पाठ झालं. तेव्हापासून ते तोंडी वाटत फिरत होते.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कानातला मळ ही घाण नाही, तो पहारेकरी आहे. धूळ, किडामुंगी, पाणी यांना तो अडवतो. काम झालं की आपण होऊन बाहेर येतो. आपण बोलतो, जेवतो, जबडा हलतो, तसा तो हळूहळू सरकत दाराशी येतो. तिथे त्याला ओल्या फडक्याने पुसून घ्यावं, संपलं. "कान आपला केर आपण काढतो. तुम्ही काडी घेऊन गेलात की केर आत ढकलता. घरात केर काढताना तुम्ही तो दारातून स्वयंपाकघराकडे लोटता का?"

म्हणणं बरोबर होतं, हेच तर वाईट होतं. चुकीचं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं.

आणि दिल्लीत कानात काही ना काही घालत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. तळमजल्यावरचे गिलसाहेब स्कूटर स्टँडवर लावली की तिची किल्ली आधी कानात फिरवत, मग खिशात टाकत. पाटणकर वरच्या गॅलरीतून ओरडत, "गिलसाहब! चाबी स्कूटर की है!" गिलसाहेब वर बघून हात हलवत, "अच्छा जी, अच्छा जी," आणि दुसऱ्या कानाकडे वळत. शेवटी त्यांचा कान सुजला, तेव्हा पाटणकरच त्यांना हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेले. बसमधला कंडक्टर पेन्सिलीचं मागचं टोक वापरी. एकदा पाटणकरांनी त्याला भर बसमध्ये असं काही झापलं, की त्याने पुढच्या स्टॉपला यांनाच उतरवून दिलं. ऑफिसपर्यंत दोन मैल चालत गेले, पण माघार नाही.

हिवाळा सुरू झाला की त्यांचा खरा हंगाम. उन्हाला आमच्या ब्लॉकमधल्या झाडून साऱ्या बायका लॉनवर चटया टाकून विणायला बसत. पंधरा बायका म्हणजे तीस सुया. गप्पा रंगल्या की एखादीची सुई स्वेटरमधून निघून नकळत कानाकडे जाई. पाटणकर हात पाठीमागे बांधून लॉनला फेऱ्या घालत. "मिसेस शर्मा! सलाई नीचे!" मिसेस शर्मा दचकत आणि त्यांचे चार टाके सुटत. बायकांनी त्यांचं नाव 'कानवाले अंकल' ठेवलं होतं. अंकल दिसले की कुजबुज होई आणि पंधराही जणी एकदम सरळ बसत. मीही बसे, हे सांगायला लाज वाटते.

कनॉट प्लेसला लाल फेटेवाले कान साफ करणारे हिंडतात. कानात सळई घालून वाटाण्याएवढा खडा काढून दाखवतात. तो खडा आधीपासून त्यांच्याच बोटांत असतो. पाटणकरांनी तिथे एका शनिवारी अशाच एकासमोर उभं राहून त्याची तीन गिऱ्हाइकं पळवून लावली. चौथ्या वेळी तो शांतपणे म्हणाला, "बाबूजी, मैं आपके दफ्तर आकर आपकी फाइलें साफ करता हूँ क्या?" हा किस्सा पाटणकर स्वतःच सांगत आणि सांगताना नव्याने लालबुंद होत.

समोरच्या ब्लॉकमध्ये देशपांड्यांकडे बाळ झालं. नागपूरहून आजी आल्या, बाळाला न्हाऊमाखू घालायचं त्यांनी आपल्याकडे घेतलं. टाळू भरून झाली की त्या बाळाच्या दोन्ही कानांत कोमट तेलाची धार सोडत. पाटणकरांना हे कळलं कसं, देव जाणे. बारशाच्या दिवशी पेढा हातात घेऊन ते म्हणाले, "आजी, तेल टाळूवर. कानात नाही. एवढ्याशा बाळाला सांगता येत नाही, कान आतून चिघळला तर कोणाला कळणार?"

आजी म्हणाल्या, "माझी पाच लेकरं ह्याच तेलावर वाढली."

"ऐकतात का तुमचं?"

देशपांड्यांनी त्यानंतर त्यांना कशालाही बोलावलं नाही.

अशात नव्वदीची ती वर्षं आली. बाजारात एकाएकी सगळं मिळू लागलं. टीव्हीवर पंचवीस चॅनेल, दुकानात परदेशी चॉकलेटं, आणि त्याचबरोबर पारदर्शक डबीत गुलाबी-निळ्या दांड्यांचे, टोकाला कापूस लावलेले बड्स. पाटणकरांनी ती डबी पहिल्यांदा पाहिली ती आमच्याच बाथरूममध्ये. त्यांचा नळ गेला होता म्हणून बादली भरायला आले होते.

"उदारीकरण!" ते बाहेर येऊन ओरडले. "वहिनी, हेच का ते उदारीकरण? चाळीस वर्षं हा देश आगकाडीने कान कोरत होता. आता रंगीत काडी आली. ढकलायचं तेच, आतच!" डबीच्याच पाठीवर बारीक अक्षरात छापलं होतं, की कानाच्या आत घालू नये. ते त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. "मग विकता कशाला? सांगा ना, विकता कशाला?" जणू कारखाना माझा होता.

मला त्या काळात त्यांचा मनापासून वैताग येऊ लागला होता. एक तर त्यांचं बोलणं वाढलं होतं. पूर्वी पाच मिनिटं बोलत, आता अर्धा तास. समोरच्याला मध्ये शिरायला जागाच नाही. आवाजही चढला होता. सकाळी जिन्यात ते दूधवाल्याशी बोलले की आमच्याकडे कुकरची शिट्टी ऐकू येत नसे. गणपतीत मराठी मंडळाच्या कार्यक्रमात दोन मिनिटं बोलतो म्हणाले आणि आरतीची वेळ टळली तरी थांबेनात. लोक खाकरले, टाळ्या वाजवल्या, कोणी तरी झांज वाजवली. गृहस्थ बोलतच होते. 'हा माणूस कोणाचं म्हणून ऐकत नाही,' असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत सुटले होते.

मेधाचं लग्न झालं ते ऑफिसातल्या रोहितशी. मुलगा पंजाबी, हसतमुख, सासऱ्यांपुढे वाकून पाया पडणारा. पाटणकरांनी लग्नाला एका शब्दानेही विरोध केला नाही. दोघांनी गुडगावला नवा फ्लॅट घेतला, अकराव्या मजल्यावर. तेव्हाचं गुडगाव म्हणजे मोहरीच्या शेतात चार टॉवर उभे आणि वीज गेली की जनरेटरची धडधड. वास्तुशांतीला आम्हीही गेलो होतो. पुढच्या मे महिन्यात पाटणकर रिटायर व्हायचे होते. म्हणजे सरकारी क्वार्टर सोडावी लागणार, मग हा माणूस जाणार कुठे, हा प्रश्न आम्हा सगळ्यांच्याच मनात होता. गावी, साताऱ्यात, त्यांचं आता कोणी नव्हतं.

वास्तुशांतीत त्यांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना आजही पूर्ण माफ केलेलं नाही. हात धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेले ते बड्सची डबी घेऊनच बाहेर आले आणि रोहितच्या साहेबांसमोर, ऑफिसच्या लोकांसमोर, रोहितच्या आईसमोर त्यांनी सुरुवात केली. आतला कान सरकारी. केर दारातून की स्वयंपाकघराकडे. वीस मिनिटं! रोहित बिचारा "बिल्कुल पापाजी, बिल्कुल" म्हणत उभा. मेधाचा चेहरा उतरत गेला. शेवटी ती त्यांना हाताला धरून बाल्कनीत घेऊन गेली. थोड्या वेळाने ती एकटीच आत आली आणि मुकाट्याने ताटं मांडायला लागली.

तिकडे काय झालं ते मला रविवारी कळलं. वरती फोन नव्हता, पाटणकरांचा नंबर अजून लागायचा होता. आमच्या ह्यांना खात्याकडून फोन मिळालेला, म्हणून मेधा दर रविवारी दहाला आमच्याकडे फोन करी आणि आम्ही वर जाऊन त्यांना बोलावत असू.

"काकू," ती म्हणाली, "मी त्यांना बाल्कनीत म्हटलं, बाबा, रिटायर झालात की इकडेच राहायला या. एक खोली तुमच्यासाठीच ठेवलीय. तर ते समोर बघत राहिले आणि म्हणाले, वारा फार आहे इथे. बस, एवढंच. काकू, नाही यायचं तर सरळ नाही म्हणायचं ना यार! वारा काय?"

"मी बोलावते त्यांना."

मी वर जाऊन त्यांना फोन आल्याचं सांगितलं. फोन म्हटल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "तिला सांगा, कामात आहे." रविवारी! सकाळी दहाला! पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी मेधा फोनवर रडली. "त्यांना रोहित पसंत नाही. मला माहितीय. लग्नाला नाही म्हणाले नाहीत, पण मनात आहे. मी आता विचारणार नाही. फोन पण करणार नाही."

फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात जी तिडीक गेली! हाताचं पीठही मी धुतलं नाही. जगाच्या कानांची काळजी वाहणारा हा माणूस, आणि पोटची पोर रडतेय तर कामात आहे? चप्पल न घालताच मी जिना चढले. दार उघडंच होतं. "पाटणकरसाहेब!" मी दारातूनच ओरडले. "पाटणकरसाहेब, जरा बाहेर या!"

उत्तर नाही. मी आत गेले. ते खिडकीशी माझ्याकडे पाठ करून उभे होते. डोक्याला कानटोपी होती, ती वर सरकवलेली. हातात मनगटी घड्याळ. ते त्यांनी डाव्या कानाला लावलं, मग उजव्या. मग घड्याळाला किल्ली दिली, हलवलं आणि पुन्हा उजव्या कानाला लावलं, अगदी दाबून. मी त्यांच्यामागे चार पावलांवर उभी राहून तिसऱ्यांदा हाक मारली. ते वळले नाहीत.

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. नंतर वळून त्यांनी मला पाहिलं, दचकले आणि ताबडतोब बोलायला लागले. "वहिनी, बरं झालं आलात, त्या शर्मांच्या सुनेला मी काल..."

मी हात वर करून त्यांना थांबवलं आणि त्यांच्या समोर जाऊन, एकेक शब्द सावकाश म्हटलं, "किती दिवस झाले?"

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. मग खुर्चीत बसले.

"दीड वर्ष. जास्तही असेल. घरात कोणी बोलणारं नसलं की कान गेले हे कळायलाच वेळ लागतो, वहिनी."

मग सगळं बाहेर आलं. समोरासमोर माणूस असला की ओठांवरून निम्मं कळतं, निम्मं अंदाजाने. आपणच बोलत राहिलं की ऐकायची वेळ येत नाही. ऑफिसात बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम त्यांचं. दीड वर्षं ते काय ठरलं ते न लिहिता काय ठरायला हवं होतं ते लिहीत होते, आणि साहेबांनी दोनदा शाबासकी दिली होती. फोनवर मात्र ओठ दिसत नाहीत. तिथे इतके दिवस आपणच भडाभडा बोलून फोन ठेवून द्यायचे, पण बाल्कनीनंतर तेवढाही धीर राहिला नव्हता.

"आणि डॉक्टर?"

"नाही गेलो."

आता माझा राग परत आला, दुप्पट होऊन. "नाही गेलो? अख्ख्या सेक्टरला तुम्ही डॉक्टरकडे धाडलंत! गिलसाहेबांना हाताला धरून नेलंत! आणि स्वतः?"

ते घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करू लागले. "आमच्या वडिलांचे कान पंचावन्नाव्या वर्षी गेले. ओट्यावर बसून असायचे. सगळे त्यांच्या डोक्यावरून बोलायचे, पुढे पुढे त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दलच बोलायचे. मी पण बोललोय." मग म्हणाले, "मळ असेल तर डॉक्टर काढतील. आणि मळ नसला तर? तपासलं नाही तोवर निदान मळ असू शकतो."

असला युक्तिवाद मी आठवीच्या पोराकडूनही ऐकून घेतला नसता. पण मला त्यांना रागावता येईना. मी म्हटलं, "वास्तुशांतीला मेधाने तुम्हाला बाल्कनीत काहीतरी विचारलं. आठवतंय?"

"काहीतरी म्हणाली खरी. वाऱ्याबद्दल असेल असं वाटलं."

"वाऱ्याबद्दल नव्हतं."

ते ताडकन उठले. "मग काय? वहिनी, काय म्हणाली ती?"

"मी सांगणार नाही. तिच्या तोंडून ऐकायचं. उद्या सकाळी नऊ वाजता खाली या, मी रजा टाकते."

मला तेव्हा माझं मन घट्ट करावं लागलं. ते लहान मुलासारखे "थोडं तरी सांगा" म्हणत जिन्यापर्यंत माझ्यामागे आले. मी सांगितलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, थोड्या घाईत होत्या. पाटणकरांनी बसता बसताच त्यांना बजावलं, "मैंने कान में आज तक कुछ नहीं डाला। न माचिस की तीली, न तेल, न बड्स।"

"बहुत अच्छा," म्हणत त्यांनी कानटोपी काढायला लावली, दिव्याने आत पाहिलं आणि चिमटा मागवला. चिमट्यातून बाहेर आला तो कापसाचा एक काळपट बोळा. मग दुसऱ्या कानातून तसाच एक.

"ये क्या है?"

पाटणकर त्या बोळ्याकडे बघत राहिले. "ये तो... ठंड का है."

दिवाळीपासून होळीपर्यंत रोज सकाळी आंघोळ झाली की कानात कापूस, वर कानटोपी. दिल्लीत आल्यापासूनचा नेम. आईने निघताना सांगितलं होतं, तिकडची थंडी कानातून शिरते. तीस वर्षं ते रोज कापूस आत दाबत होते, मळ त्याच्यापुढे आत सरकत होता, आणि आत घालणं म्हणतात ते हेच, असं या माणसाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं!

"ते घालणं नव्हे?" मी मराठीत विचारलं.

"ते संरक्षण होतं," ते पुटपुटले. पण त्यात जोर नव्हता.

दोन्ही कानांत मळ दगडासारखा बसला होता. डॉक्टरीणबाईंनी तो तेव्हाच ओढून काढला नाही. आधी मऊ करणारे थेंब दिले. बाटली मुठीत धरून कोमट करायची, कुशीवर निजून थेंब सोडायचे, पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. पाच दिवसांनी परत या. कान दुखला, वाहू लागला तर पाच दिवस न थांबता या. घरी पिचकारी मारायची नाही, पडद्याला भोक असेल तर पाणी आत जातं, ते तपासूनच आम्ही धुतो. पाटणकर त्यांच्या ओठांकडे एकटक बघत सगळं ऐकून घेत होते. एकदाही मध्ये बोलले नाहीत. ते पाच दिवस लॉनवरच्या बायकांनी सुया कुठेही घातल्या तरी चालत होतं.

सहाव्या दिवशी कोमट पाण्याने कान धुतले. उजवा मोकळा झाला. डावाही धुतला, पण बाईंनी तपासून सांगितलं की डावा थोडा वयाने उतरलाय, तो तेवढाच राहील, वर्षातून एकदा दाखवत जा. पाटणकर म्हणाले, "आधा चलेगा।" बाहेर ऑटोत बसलो आणि ते एकदम ओरडले, "हे एवढं वाजतं?" मग स्वतःचाच आवाज ऐकून तोंडावर हात ठेवला. "वहिनी, मी इतक्या मोठ्याने बोलतो? आणि दीड वर्षात एका माणसाने सांगितलं नाही?" आर. के. पुरम येईपर्यंत ते याबद्दल संतापलेले होते, पण हळू आवाजात.

त्या रविवारी मेधाचा फोन येईल की नाही, याची खात्री नव्हती. मी आदल्या दिवशीच तिला ऑफिसात फोन करून एवढंच म्हटलं होतं, "एकदा कर. माझ्यासाठी कर." पाटणकर साडेनऊलाच खाली आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, कानटोपी नाही. फोनशेजारच्या स्टुलावर गुडघ्यांवर हात ठेवून बसले. चहा नको म्हणाले. दहा वाजले. दहा-पाच झाले. ते माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे बघेना.

फोन वाजला. पहिल्याच घंटीला ते दचकले, मग उचलून उजव्या कानाला लावला.

"मेधा, मी बाबा."

पलीकडे काही वेळ काहीच आवाज नसावा. ते घाबरून माझ्याकडे पाहायला लागले. मग म्हणाले, "आहेस ना? हं. ऐक. त्या दिवशी बाल्कनीत तू मला काहीतरी म्हणालीस. मला ऐकू आलं नव्हतं गं. वाऱ्यामुळे नाही, कानामुळे. मला दीड वर्ष ऐकू येत नव्हतं, आणि मी कोणाला सांगितलं नाही. तुलाही नाही. आता येतं. आता म्हण."

ते ऐकत राहिले. रिसीव्हर त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. चष्म्याच्या काचा धुरकटल्या तरी पुसायला हात मोकळा नव्हता.

"ऐकू आलं," ते म्हणाले. आणि मग, "तरी परत म्हण."

मी स्वयंपाकघरात निघून गेले. तिथे माझं काही काम नव्हतं. बाहेरून त्यांचा आवाज येत होता. तिला ते तिसऱ्यांदा म्हणायला लावत होते.